काकांचा न दिलेला जबाब

ती घटना आजही आठवते, असं लिहून सुरुवात करायची आम्हा निवृत्त पोलिसांची पद्धत आहे. माझी अडचण वेगळीच. ही घटना मी विसरायचं ठरवलं तरी सुरतेजवळच्या चलथाणकडचे लोक विसरू देत नाहीत. त्या रस्त्याने गेलो की चहाच्या टपरीवरून हमखास कोणीतरी विचारतं, "साहेब, जेवण झालं का?" आणि बाकावरचे बाकीचे लोक चहात तोंड घालून हसतात. का हसतात, ते पुढे कळेल. सांगताना मलाही थोडं धैर्य गोळा करावं लागतं.

मी खानदेशातल्या घरातला, पण जन्म सुरतेचा. वडील गोडादऱ्याला पॉवरलूमवर होते. घरात अहिराणी, शाळेत गुजराती आणि खात्यात हिंदी, असं माझं शिक्षण झालं. निवृत्तीला दीडेक वर्ष राहिलं असताना शहराबाहेरच्या एका ठाण्याचा चार्ज मला मिळाला. हद्दीत निम्मा ऊस आणि निम्मी गोदामं. उसाला चोर फारसे नसतात आणि गोदामांना स्वतःचे पहारेकरी असतात, त्यामुळे हे दीड वर्ष आरामात जाईल असा माझा हिशेब होता.

दिवाळी उरकून आठवडा झाला असेल. सकाळची हजेरी घेऊन मी टेबलाशी बसलो होतो. एक चाळिशीच्या आतबाहेरचा माणूस प्लास्टिकचा ट्रे घेऊन आत आला. ट्रेमध्ये वांग्याची रोपं. त्याने तो ट्रे थेट माझ्या ड्यूटी रजिस्टरवर ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, खून झालाय."

माझ्या हातातलं पेन खाली पडलं. "कोणाचा?"

"यांचा."

मी रोपांकडे पाहिलं. ती मेलेली नव्हती, पण मेली असती तर बरं दिसलं असतं. शेंडे पिळवटलेले, पानं बारीक होऊन वळलेली. जणू कोणी एकेकाची मान मुरगळून सोडून दिली होती.

"हे तणनाशक आहे," तो म्हणाला. "उसातलं तण मारायला वापरतात ते. ऊस गवताच्या जातीचा, त्याला काही होत नाही. रुंद पानाचं जे असेल ते असं वाकडं होऊन मरतं. वांगी, मिरची, टोमॅटो, माझं सगळं रुंद पानाचं. रोग असा येत नाही, साहेब. रोग एका कोपऱ्यातून पसरत जातो. हे सगळ्या ट्रेवर एकाच दिवशी झालंय. कोणीतरी फवारलंय."

हा माणूस चौदा वर्षं ओमानमध्ये होता. तिथे वाळवंटात हरितगृहं उभारून भाजी पिकवणारं एक मोठं फार्म होतं. पोती उचलायला गेला आणि सुपरवायझर होऊन परतला. आमच्या हद्दीत त्याला सगळे मस्कतवाला म्हणत, म्हणून मीही इथे तेच म्हणतो. 'वाळवंटात काकडी येते, तर सुरतेच्या काळ्या जमिनीत काय येणार नाही,' या एका वाक्यावर तो परत आला होता. चलथाणच्या पुढे त्याने थोडी जमीन भाडेपट्ट्याने घेतली, हिरव्या जाळीचा मांडव घातला आणि भाजीच्या रोपांची नर्सरी सुरू केली. आसपासच्या शेतकऱ्यांनी हिवाळी लागवडीसाठी रोपं नोंदवली होती. पहिली खेप दहा दिवसांत उचलली जाणार होती.

"ही खेप गेली तर शेतकरी दुसरीकडे जातील," तो म्हणाला. "एकदा गेलेला शेतकरी परत येत नाही. तिकडच्या कंपनीने माझी जागा या महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली आहे. मी परत जाईन, साहेब. पण हे कोणी केलं ते कळल्याशिवाय जाणार नाही."

त्याच्या मागे दाराशी एक म्हातारा उभा होता. त्याचे वडील, अप्पा. चाळीस वर्षं लूमवर काढलेली. मी त्यांना "बसा" म्हणालो ते त्यांना तिसऱ्यांदा ऐकू आलं. माझ्या वडिलांचंही असंच होतं. लूमवाल्याच्या कानात मशीन कायमचं चालू राहतं. म्हातारा बसला तो खुर्चीच्या टोकावर. फरशीकडे बघत राहिला.

मला चेव चढला. खानदेशातला माणूस, लूमवाल्याचा पोरगा, परदेशातून येऊन इथे मातीत काही उभं करतोय, आणि कोणी त्याची रोपं मारतो? मी अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि नेमका त्याच वेळी चहा प्यायला आलेल्या एका स्थानिक वार्ताहराला सांगून टाकलं, "चोवीस तासांत आरोपी हजर करतो."

पोलिसाने हे वाक्य कधीही बोलू नये. मी नोकरीत ते चारदा बोललो आणि चारही वेळा तोंडावर पडलो.

दुपारी पंच घेऊन घटनास्थळी गेलो. नर्सरीच्या फाटकाशी जांभळ्या औषधाची एक कुंडी होती. आत जाणाऱ्या प्रत्येकाने तीत पाय बुडवायचे, असा मस्कतवाल्याचा नियम. बाहेरचा रोग आत येऊ नये म्हणून. मी म्हटलं, "आम्ही सरकारी कामावर आहोत." तो म्हणाला, "रोगाला ते कळत नाही, साहेब." माझे बूट जांभळे झाले आणि पुढे आठवडाभर तसेच राहिले. क्राइम मीटिंगमध्ये वरिष्ठांनी खाली बघून विचारलं, "काय, कुठे लग्नाला गेला होता?"

त्याचे नियम आणखी होते. बाहेरचं अवजार आत येणार नाही आणि आतलं बाहेर जाणार नाही. फाटकावर कॅमेरा होता. मी त्याचं चार दिवसांचं चित्रण बसून पाहिलं. त्यात एक कुत्रा, दोन म्हशी आणि रोज सकाळी कॅमेऱ्याला हात जोडून आत जाणारे अप्पा आणि त्यांच्यानंतर येणारा मस्कतवाला, एवढंच निघालं. नर्सरीच्या मागच्या बाजूला नुसतं तारेचं कुंपण होतं. तिकडे कॅमेरा नव्हता.

पंचनाम्यात आम्ही प्रत्येक वस्तू लिहिली. ट्रे, पाण्याची टाकी, दोन खुरपी, एक झारी. 'पाठीवरचा फवारणीचा पंप, नग एक, चालू स्थितीत, स्वच्छ धुतलेला.' बाकी सगळं चिखलाने माखलेलं होतं. पंप मात्र पूजेच्या तांब्यासारखा चमकत होता. मी अप्पांना म्हटलं, "अप्पा, याला म्हणतात शिस्त. आमच्या पोरांना शिकवा." अप्पा कसनुसे हसले. सगळ्या केसची किल्ली माझ्या समोर लटकत होती आणि मी तिची तारीफ करून पुढे गेलो. शिवाय टाकीतल्या पाण्याचा नमुना मी लिंबू सोड्याच्या रिकाम्या बाटलीत भरून तपासणीला पाठवला. अहवाल आला तेव्हा केस कधीच मिटली होती. पाण्यात साखर आढळली होती.

पहिला संशय एका जमीन दलालावर गेला. त्याला हीच जागा गोदामासाठी हवी होती. उचलून आणला. तो म्हणाला, "साहेब, रोपं वाकडी व्हायच्या आधीचे दोन दिवस माझ्या घरी मुलीचा साखरपुडा चालू होता." मी म्हटलं, "साक्षीदार?" त्याने माझ्या मागे उभ्या असलेल्या दोघा पोलिसांकडे बोट दाखवलं. दोघेही तिथे पोटभर जेवून आले होते.

मग टीप आली. टपरीवाला आमचा जुना बातमीदार. तो म्हणाला, "साहेब, शेजारच्या काकांना विचारा. मस्कतवाला यायच्या आधी ती जमीन काकाच वाट्याने करायचे. बारा-तेरा वर्षं. मालकाने काढून याला दिली. जाळी लावली त्या दिवशी काका इथे बसून म्हणाले होते, ही जाळी फार दिवस टिकायची नाही."

कारण मिळालं, बोलणं मिळालं. आता पुरावा हवा. तो आमच्या जमादाराने शोधला. हा जमादार तिथलाच, गुजराती, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आणि माझ्याहून दहा पटीने शहाणा. तो मला मागच्या कुंपणाशी घेऊन गेला. ओल्या बांधावर गाडीच्या टायरचे ठसे होते, पण पावलाएवढे. येतानाचे आणि जातानाचे, दोनदा.

"साहेब, हे टायर चालत आलेलं दिसतंय," जमादार म्हणाला.

काकांच्या चपलेला खाली टायरचा तुकडा ठोकलेला होता. ते सगळ्या गावाला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी नोटीस देऊन काकांना चौकशीला बोलावलं. सत्तरीचा माणूस. धोतर, वर पांढरा सदरा. उसाच्या बेण्यासारखा सरळ आणि गाठीगाठीचा. मी पहिलाच प्रश्न विचारला, "गेल्या आठवड्यात नर्सरीच्या बाजूला गेला होता?"

"ना."

"कुंपणापर्यंतही?"

"ना, भाई."

खोटं होतं. खोटं बोलण्याची सवय नसलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा तो समोरच्याकडे बघत नाही, खिडकीकडे बघतो. काका खिडकीकडे बघत होते. मला आतून आनंद झाला. म्हटलं, मासा गळाला लागला.

माझी चौकशीची एक पद्धत होती आणि तिचा मला फार अभिमान होता. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. समोरच्याला शांतता सहन होत नाही. तो ती भरायला काहीतरी बोलतो, आणि तिथेच अडकतो. भलेभले अट्टल गुन्हेगार मी असे बोलते केले होते. मी काकांसमोर गप्प बसलो. काकाही गप्प बसले. त्यांनी आयुष्यभर उसाच्या फडात एकट्याने राखण केलेली होती. माझी शांतता त्यांना काय खुपणार? पाऊण तासाने मीच त्यांना माझ्या गुडघेदुखीबद्दल सांगायला लागलो. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि तिळाच्या तेलात लसूण जाळून लावायला सांगितलं. त्या दिवशीच्या चौकशीतून मला मिळालेली एवढीच उपयोगी माहिती. गुडघा खरोखर बरा झाला, तो मुद्दा वेगळा.

दुपारी अप्पा ठाण्यात आले. हातात तीन खणांचा स्टीलचा डबा. त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला, हात जोडले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आतल्या खोलीत बसलेल्या काकांकडे पाहिलं आणि न बोलता निघून गेले. डबा कोणासाठी हे त्यांना सांगवलं नाही, आणि मला विचारावंसंही वाटलं नाही. साहेब आपल्याकडचे, आपल्यासाठी राबतायत, म्हणून म्हाताऱ्याने प्रेमाने आणलं असणार. उघडून पाहिलं तर वरच्या खणात वांग्याचं भरीत, मधे कळण्याची भाकरी, खाली ठेचा. मी सगळं संपवलं. डबा पुसून घेतला म्हटलं तरी चालेल. काकांना ठाण्यातर्फे चहा आणि बिस्किटं दिली.

संध्याकाळी त्यांच्या पत्नी त्यांना न्यायला आल्या. काकी. त्यांनी टेबलावरचा धुतलेला डबा पाहिला आणि लगेच ओळखला. "आ तो अप्पानो डब्बो," म्हणाल्या आणि पदराखाली घेतला. वाटेतच घर आहे, देऊन टाकते. मी म्हटलं, न्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पेपरात छापून आलं, 'शेजारी संशयित, मौन सोडेना.' वार्ताहराने मला विचारून छापलं होतं. चोवीस तास केव्हाच उलटले होते, निदान काहीतरी चाललंय एवढं तरी दिसावं, म्हणून मीच हो म्हटलं होतं.

त्याच सकाळी काका पुन्हा हजर. सोबत काकी, आणि काकींच्या हातात तोच डबा. जड दिसत होता.

"काकी, डबा दिला नाहीत?"

"काल भरायला वेळ नव्हता. आज सकाळी गूळ-तुपाची सुखडी केली. इथून जाताना देईन."

मला गंमत वाटली. मी खुर्चीत मागे रेलून म्हटलं, "काकी, अप्पांच्या पोराने अर्ज दिलाय, संशय तुमच्या घरधन्यावर आहे. मी त्यांना दुसऱ्या दिवशी इथे बसवलंय. आणि तुम्ही अप्पांना सुखडी देताय?"

काकींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शाळेत कधी गेलोच नव्हतो. "तेमां शुं, साहेब? खाली डब्बो थोडो अपाय?"

रिकामा डबा कोणी देतं का. माझी आई हेच म्हणायची. शेजारचं भांडं घरात आलं की ते परत जाताना त्यात काही ना काही गेलं पाहिजे. काही नसेल तर साखरेचे चार दाणे.

काकी पुढे बोलत होत्या. "आम्ही कोणाचं काहीच रिकामं परत देत नाही. गेल्या आठवड्यात तो पंपसुद्धा..."

काका जोरात खोकले. दोन दिवसांत त्यांनी केलेला तो सगळ्यात मोठा आवाज होता.

"तने कोणे पूछ्युं?" ते बायकोला म्हणाले. तुला कोणी विचारलं?

ठाण्यात एकदम शांतता झाली. या वेळी ती माझ्या पद्धतीची नव्हती, आपोआप झाली होती. जमादाराने हातातला कागद खाली ठेवला. माझ्या डोळ्यांसमोर पूजेच्या तांब्यासारखा चमकणारा पंप आला.

"कोणता पंप, काकी?" मी विचारलं.

काकी नवऱ्याकडे बघत राहिल्या. काका खिडकीकडे. मी दोघांनाही जीपमध्ये बसवलं, जमादाराला सोबत घेतलं आणि नर्सरीवर नेलं.

मस्कतवाला वाकडी झालेली रोपं ट्रेमधून उपटून खड्ड्यात टाकत होता. अप्पा बाजूला रिकामे ट्रे धूत बसले होते. आम्ही चौघे फाटकातून आत आलो, चौघांनी पाय बुडवले. मी पंप खुंटीवरून काढला आणि अप्पांच्या पुढे ठेवला.

"अप्पा, हा कोणाला दिला होता?"

म्हाताऱ्याच्या हातातला ट्रे खाली आला. त्याने ओले हात गुडघ्यांना पुसले. मग अहिराणीत म्हणाला, "मनी चूक शे, साहेब. काकास्ना काय दोष नही."

हळूहळू सगळं बाहेर आलं. काकांचा पंप बिघडला होता. नव्या लावणीच्या उसात तण माजलं होतं. त्यांनी मागच्या कुंपणावरून पंप मागितला. अप्पांना मुलाचा नियम माहीत होता. पण शेजारी बांधावर येऊन अवजार मागतोय आणि नाही म्हणायचं, हे त्यांच्या जिभेला जमेना. गावाकडे कोणी कोणाला अवजार नाही म्हणत नाही. त्यांनी पंप दिला आणि फक्त एक वचन घेतलं, 'माझ्या पोराला कळू देऊ नका.' काकांनी संध्याकाळी पंप परत केला. रिकामा कसा करणार? तळाशी थोडं औषध मुद्दाम ठेवलं. म्हणाले, दवा आहे, कामी येईल. अप्पांना वाटलं, चांगलं किडीचं औषध असणार. उगाच वाया का घालवा. सकाळी मुलगा यायच्या आधी त्यात पाणी घातलं आणि सगळ्या ट्रेवर मायेने फवारलं. एकही ट्रे सोडला नाही.

दोन दिवसांनी रोपांनी माना मुरगळल्या तेव्हा अप्पांच्या लक्षात आलं. त्यांनी पंप घासून धुतला. मग पोलीस आले, मग काकांना ठाण्यात नेलं.

"मग तेव्हा तरी बोलायचं, अप्पा," मुलगा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "त्यांना दोन दिवस बसवलं तिथे."

"बोलणार होतो. डबा घेऊन गेलो होतो काकांसाठी," अप्पा म्हणाले आणि एकदम थांबले. माझ्याकडे पाहिलं.

जमादार उगाचच जाळीचं माप घ्यायला लागला.

"भरीत कोणे खाधुं?" काकींनी विचारलं.

या प्रश्नाचा जबाब मी आजतागायत दिलेला नाही. पण वर सांगितलेली टपरी तिथून फार लांब नाही, आणि आमचा जमादार बोलका आहे.

अप्पांना हसू आलं नाही. ते मुलाकडे न बघता म्हणाले, "सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, घरातच असं होणार असेल तर मी जातो. चौदा वर्षं फोनवर पाहिलं तुला. मला वाटलं, हे कळलं की हा परत चालना जाई. म्हणून तोंड उघडलं नाही."

मस्कतवाल्याने हातातलं रोप खड्ड्यात टाकलं. काकांकडे वळला. "आणि काका, तुम्ही? नुसता पंप नेला होता असं सांगितलं असतं तर तुम्हाला घरी सोडलं असतं."

काकांनी खांदे उडवले. "तारा बापने वचन आप्युं हतुं." तुझ्या बापाला शब्द दिला होता. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. आपल्या औषधानेच रोपं मेली हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळत होतं. ते खड्ड्याजवळ गेले, एक रोप उचललं, पान उलटं करून पाहिलं आणि तिथेच बांधावर खाली बसले. सत्तर वर्षांच्या शेतकऱ्याला दुसऱ्याचं पीक आपल्या हातून गेलं हे कळल्यावर काय होतं, ते मी पाहिलं. मग मान वळवली.

मुलगा त्यांच्या शेजारी जाऊन बसला. मग मला म्हणाला, "साहेब, अर्ज मागे घ्यायचा तर सही कुठे करू?"

कागद मिटला. दखलपात्र गुन्हा बनत नाही, असा शेरा मी लिहिला. पण रोपं तर गेलीच होती. नवीन बी टाकलं तर रोप तयार व्हायला महिना लागणार. शेतकरी आठवड्याभरात येणार होते. गुन्हा नव्हता, पण नुकसान जिथल्या तिथे होतं, आणि ओमानच्या कंपनीची महिनाअखेरही.

बांधावरून काकांनीच विचारलं, "साहेब, जीप रिकामी आहे?"

त्या दुपारी काका, मस्कतवाला आणि मी, रोपं नोंदवलेल्या शेतकऱ्यांकडे गेलो. पोलिसांची जीप बांधावर आलेली बघून पहिल्या वस्तीत दोघे जण उसात पळाले. त्यांना बाहेर काढायला अर्धा तास गेला. का पळाले, ते मी विचारलं नाही. काका उतरले आणि एकच गोष्ट बोलले. रोपं माझ्या चुकीने मेली. पोराची चूक नाही. एक महिना थांबा, रोपं मिळतील, हा माझा शब्द.

एक तरुण शेतकरी म्हणाला, "काका, ते तुम्हीच ना? पेपरात होतं. दोन दिवस साहेबांनी बसवलं आणि तोंड उघडलं नाही?"

काका गप्प.

"मग असा माणूस शब्द देतोय तर महिनाभर थांबायला काय जातंय?"

वस्तीवस्तीत हेच झालं. काकांच्या शब्दाची जाहिरात मीच छापून आणली होती, 'शेजारी संशयित, मौन सोडेना' म्हणून. पोलीस खात्याने शेतीमालाच्या विक्रीला मदत केल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. एक जण सोडला तर सगळे थांबायला तयार झाले. परतताना मस्कतवाला मागच्या सीटवर होता. चलथाण आलं तेव्हा त्याने खिशातून फोन काढला आणि तिकडच्या मॅनेजरला हिंदीत सांगितलं, "मेरी जगह किसी और को दे दो." मी पुढे बसून रस्त्याकडे बघत होतो. काय वाटलं ते सांगतो. एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्या जीपमधून आरोपी, मुद्देमाल, पंच, जखमी, सगळं नेलं होतं. परदेशी जाणारा माणूस जीपमध्ये बसून इथलाच होऊन उतरला, असं एकदाच झालं.

महिनाअखेर उलटून गेल्यावर एका सकाळी तो पुन्हा हजेरीच्या वेळेला आला. हातात ट्रे. या वेळीही त्याने तो माझ्या ड्यूटी रजिस्टरवरच ठेवला. कोवळी, सरळ उभी, दोन-दोन पानांची मिरची.

"साहेब," तो म्हणाला, "जन्म झालाय."

रजिस्टर ओलं झालं. मी ते तसंच वाळवलं. कुठेतरी रेकॉर्डला त्या पानावर अजून डाग असेल.

लोक विचारतात, या केसने काय शिकवलं. एक तर हे की आपल्या टेबलावर ठेवलेला डबा आपलाच असतो असं नाही. विचारून खावं. पण खरी गोष्ट अशी, की समोरचा खोटं बोलतोय हे मी बरोबर ओळखलं होतं. तिथे मी चुकलो नाही. खोट्याच्या मागे नेहमी गुन्हाच असतो, असं धरून चाललो, तिथे चुकलो. त्या खोट्यामागे एका म्हाताऱ्याने दुसऱ्या म्हाताऱ्याला दिलेलं वचन होतं, आणि त्याच्याही मागे मुलगा पुन्हा दूर जाईल ही भीती. हे पोलीस मॅन्युअलमध्ये कुठे लिहिलेलं नाही. जमादाराला ते पहिल्या दिवसापासून कळलं असावं, असा मला दाट संशय आहे. विचारलं तर म्हणतो, "साहेब, तुम्ही जेवत होतात."

नर्सरी आज तिप्पट झाली आहे. सुरतेत पर्वत पाटियाला माझ्या घराच्या गॅलरीत त्यांचीच मिरची आहे. मागच्या हिवाळ्यात रोपं आणायला गेलो होतो. बायकोने जाताना अप्पांसाठी डबा भरून दिला होता. म्हणाली, एकदा खाल्लंत ते फेडून या. फाटकातून पाय बुडवून आत गेलो तर मागच्या कुंपणाशी एका खुंटीवर लाल रंगाचा नवा पंप टांगलेला. मस्कतवाल्याने तो खास शेजाऱ्यांना द्यायला घेतला आहे. 'नाही म्हणायचं अप्पांना जमणार नाही,' तो म्हणाला, 'मग नियमच बदलला.' पंपाच्या वर गुजराती आणि मराठीत पाटी आहे: 'कोणीही न्यावा. परत करताना कृपया रिकामा द्यावा.'

मी तिथे असतानाच काकी तो परत द्यायला आल्या. उलटा करून दाखवला. एक थेंब नव्हता. आत काही नव्हतं, हे मी पोलीस म्हणून सांगू शकतो.

पट्ट्याला मात्र पापडीच्या ताज्या शेंगांची पिशवी बांधलेली होती.